जुन्या कॉम्प्युटरवरच्या फाइली नव्यावर नेताना: गावातल्या कार्यालयांसाठी आणि दुकानांसाठी

ग्रामपंचायत, शाळा, कृषी केंद्र, दूध संस्था, झेरॉक्सचं दुकान. गावात कॉम्प्युटर असतो तो अशा ठिकाणी, आणि एकदा बसला की आठ-दहा वर्षं जागचा हलत नाही. विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला आणि विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला. त्यामुळे ज्यांनी आजवर ढकललं, त्यांनाही आता नवा सीपीयू किंवा लॅपटॉप घ्यावा लागतोय. नवा येतो, आणि जुन्यातलं सगळं त्यात आणायचं काम कार्यालयातल्या सगळ्यात तरुण माणसाच्या गळ्यात पडतं.

कॉपी-पेस्ट कोणालाही येतं. खरं काम त्याच्या आधी आणि नंतर असतं: आधी फाइली कुठे-कुठे पडल्या आहेत ते हुडकून काढायचं, आणि नंतर त्या नव्यावर उघडतात का ते बघायचं. कॉपीला तीन तास लागत असतील तर शोधायला एक पूर्ण दिवस राखून ठेवा. घाई केली तर काय राहिलं ते लगेच कळत नाही. मार्चअखेरीला किंवा ऑडिटच्या दिवशी कळतं.

आधी शोधा

सगळ्यात जास्त नुकसान एका समजुतीमुळे होतं: "आपला डेटा डी ड्राइव्हला आहे." डी ड्राइव्ह उचलून नेला जातो, आणि रोज ज्या फाइलींवर काम चालतं त्या मागे राहतात. कारण डेस्कटॉपवर दिसणारी प्रत्येक गोष्ट मुळात सी ड्राइव्हवर असते. सी ड्राइव्ह उघडा, त्यात यूजर्स नावाचा फोल्डर, त्याच्या आत तुमच्या कॉम्प्युटरच्या यूजरचं नाव. तिथे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स आणि व्हिडिओज हे फोल्डर दिसतील. विंडोज एक्सपी असेल तर हेच सगळं 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'च्या आत सापडेल. कॉम्प्युटरवर दोन-तीन यूजर असतील, जसं एक ऑपरेटरचा आणि एक मुख्याध्यापकांचा, तर प्रत्येकाचं घर वेगळं आहे. सगळी घरं उघडून बघा.

मग सी ड्राइव्हच्या तोंडाशी काय पडलंय ते बघा. हिशेबाच्या टॅली प्रोग्रॅमचा फोल्डर बहुधा तिथेच असतो. स्कॅनरचे काही प्रोग्रॅम स्वतःचा वेगळा फोल्डर करून त्यात स्कॅन टाकत राहतात. स्कॅनरचा प्रोग्रॅम उघडून त्याच्या सेटिंगमध्ये 'सेव्ह टू' पुढे काय लिहिलंय ते वाचा.

डेस्कटॉपवरच्या चिन्हांत एक मेख आहे. ज्या चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असतो तो शॉर्टकट, म्हणजे नुसता पत्ता. 'नमुना 8' नावाचा शॉर्टकट पेनड्राइव्हवर नेला तर एक-दोन केबीचा पत्ता जातो, कर आकारणीची नोंदवही मागेच राहते. अशा चिन्हावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' दाबा, म्हणजे मूळ फाइल कुठे आहे ते समोर येईल.

तरीही काही सुटतंच, म्हणून शेवटी शोध लावा. 'धिस पीसी' किंवा 'माय कॉम्प्युटर' उघडून वर उजवीकडच्या चौकटीत तारा, टिंब आणि फाइलच्या प्रकाराची इंग्रजी अक्षरं टाका: वर्डसाठी डीओसी (म्हणजे *.doc), एक्सेलसाठी एक्सएलएस, मग पीडीएफ, मग जेपीजी. जुन्या मशीनवर एकेका शोधाला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात, लागू द्या. निकालात असा एखादा फोल्डर हमखास निघतो जो कोणाच्या ध्यानीमनी नसतो: 'न्यू फोल्डर 4', त्यात 'दाखले नवीन', त्यात 'दाखले नवीन अंतिम', आणि सगळ्यात आत चार वर्षांचे शाळा सोडल्याचे दाखले.

जे सापडेल ते वहीत लिहा: फोल्डरचं नाव, जागा, आकार, फाइलींची संख्या. आकार आणि संख्येसाठी फोल्डरवर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज. हीच यादी पुढे तपासणीला लागणार आहे, म्हणून ती कॉम्प्युटरवर नको, कागदावरच हवी.

काय न्यायचं नाही तेही ठरवा. सातबारा महाभूमीच्या साइटवर आहे, महाडीबीटीचे अर्ज त्यांच्या पोर्टलवर आहेत, जीमेल गूगलकडे आहे. ते तुमच्या डिस्कवर नाही, त्यामुळे हलवायचा प्रश्न नाही. फक्त डाउनलोड करून ठेवलेल्या पीडीएफ पावत्या आणि उतारे तेवढे घ्या. प्रोग्रॅम फाइल्स आणि विंडोज हे फोल्डर उचलू नका. प्रोग्रॅमचा फोल्डर नुसता कॉपी करून प्रोग्रॅम बहुधा चालत नाही, तो नव्यावर पुन्हा टाकावा लागतो. त्यासाठी कंट्रोल पॅनलमधल्या 'प्रोग्रॅम्स अँड फीचर्स'च्या यादीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

कशावर न्यायचं

आमच्या मते एकच चांगला पर्याय आहे: यूएसबीची बाहेरची हार्डडिस्क, 1 टीबीची. पेनड्राइव्हचं लिहिणं फार मंद असतं. साधा पेनड्राइव्ह सेकंदाला 10 एमबीच्या आसपास लिहितो, म्हणजे 100 जीबीला पावणेतीन तास. बाहेरची हार्डडिस्क जुन्या कॉम्प्युटरच्या यूएसबी 2 च्या पोर्टला लावली तर सेकंदाला 30 एमबीपर्यंत जाते, म्हणजे तेच काम तासाभरात होतं. नव्या मशीनवर निळ्या रंगाचा पोर्ट असेल तर तिथेच लावा, तो यूएसबी 3 चा असतो. हे आकडे मोठ्या फाइलींचे आहेत. हजारो छोटे फोटो आणि दाखले असतील तर वेळ दुप्पट धरा, कारण प्रत्येक फाइल उघडून-बंद करण्यात वेळ जातो. शिवाय काम झाल्यावर हीच डिस्क दुसरी प्रत म्हणून कपाटात राहते.

आठवडी बाजारात किंवा ऑनलाइन दोनशे-तीनशे रुपयांत '2 टीबी'चा पेनड्राइव्ह मिळतो. तो घेऊ नका. आत 16 किंवा 32 जीबीची चिप असते आणि ती कॉम्प्युटरला खोटा आकार सांगते. कॉपी शेवटपर्यंत नीट होते, फाइलींची नावंही दिसतात, पण खऱ्या जागेपलीकडच्या फाइली उघडत नाहीत, कारण त्या लिहिल्याच गेलेल्या नसतात.

डिस्क किंवा पेनड्राइव्ह कोणत्या पद्धतीने फॉरमॅट झालाय ते प्रॉपर्टीजमध्ये 'फाइल सिस्टिम'समोर दिसतं. फॅट 32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यावर जात नाही, मग आत 50 जीबी रिकामे का असेनात. लग्नाचा किंवा ग्रामसभेचा व्हिडिओ अडकतो तो इथेच. डिस्क रिकामी असताना एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्या. एक्सफॅटही चालतं, पण विंडोज एक्सपी ते वेगळ्या अपडेटशिवाय ओळखत नाही.

इंटरनेटवरून न्यायचा विचार गावात सोडलेलाच बरा. गूगल ड्राइव्हची मोफत जागा 15 जीबी, वनड्राइव्हची 5 जीबी. रोजचा 2 जीबीचा पॅक असेल तर 100 जीबी चढवायला पन्नास दिवस. दोन कॉम्प्युटर लॅनच्या वायरने जोडता येतात आणि वेगही बरा मिळतो, पण शेअरिंग, परवानग्या आणि फायरवॉलच्या सेटिंगमध्ये नवखा माणूस अडकतो. जुन्यावर एक्सपी असेल तर नवं विंडोज त्याच्याशी सहसा बोलतच नाही, कारण एक्सपीची फाइल शेअरिंगची जुनी पद्धत सुरक्षेसाठी बंद ठेवलेली असते.

लाइन, ऊन आणि कूलर

कॉपी चालू असताना लाइन गेली तर जी फाइल त्या क्षणी लिहिली जात होती ती अर्धवट राहते, आणि कधीकधी डिस्कचा अख्खा हिशेब बिघडतो. चांगल्या बॅटरीचा 600 व्हीएचा यूपीएस कॉम्प्युटरला दहा-पंधरा मिनिटं देतो. तो कॉपी पूर्ण करण्यासाठी नाही, थांबवून नीट बंद करण्यासाठी आहे. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर आधी तपासा: कॉम्प्युटर चालू करा, काहीही काम उघडं ठेवू नका आणि यूपीएसचं भिंतीतलं बटण बंद करा. दोन मिनिटांत मशीन झोपलं तर त्या बॅटरीच्या भरवशावर कॉपी सुरू करू नका.

भारनियमनाचं वेळापत्रक बघा. ज्या फीडरवर पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं तिथे तीही वेळ टाळा. नवा लॅपटॉप असेल तर त्यावर उतरवताना सोपं आहे. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालतो आणि बाहेरची छोटी, अडीच इंची डिस्कही यूएसबीवरूनच वीज घेते, म्हणून लाइन गेली तरी कॉपी थांबत नाही. डेस्कटॉपमधून काढलेली मोठी साडेतीन इंची डिस्क मात्र 12 व्होल्टच्या वेगळ्या अडॅप्टरवर चालते. लॅपटॉप चालू राहतो, डिस्क बंद पडते. तो अडॅप्टर यूपीएसलाच लावा.

एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा भागात पारा 45 च्या वर जातो. तासनतास फिरणारी डिस्क खोलीच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त तापते आणि बहुतेक डिस्कची कामाची मर्यादा 60 अंशांच्या आसपास असते. म्हणजे दुपारच्या खोलीत ती काठावरच असते. काम पहाटे किंवा रात्री करा. उघडी डिस्क गादीवर, सतरंजीवर ठेवू नका; फरशीवर किंवा लाकडी टेबलावर ठेवा, खालून हवा लागू द्या. कूलरच्या थेट तोंडासमोरही नको. उघड्या डिस्कच्या खालची सर्किटची हिरवी पट्टी उघडीच असते, तिच्यावर तुषार बसले की संपलं.

कॉपी

जुन्या कॉम्प्युटरची तारीख आधी बघा. लाइन गेल्यावर घड्याळ मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपलाय. तारीख नीट लावून घ्या आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा: अशा मशीनवर मागे केलेल्या फाइलींच्या तारखा खोट्या असू शकतात. एकाच नावाच्या दोन फाइली आल्या तर "नवी तारीख ती खरी" हा नियम इथे चालत नाही. दोन्ही उघडून बघा.

बाहेरच्या डिस्कवर छोट्या नावाचा एक फोल्डर करा, नुसतं 'जुना' पुरे. नाव छोटं ठेवायचं कारण असं की विंडोज फाइलच्या पूर्ण पत्त्याला साधारण 260 अक्षरांपर्यंतच मान्य करतं. एकात एक दहा फोल्डर आणि प्रत्येकाचं नाव 'सन 2019-20 ची घरकुल लाभार्थी यादी सुधारित' असं असेल तर कॉपी मध्येच अडते आणि पत्ता लांब असल्याची तक्रार करते. तसं झालं तर बाहेरच्या एक-दोन फोल्डरांची नावं आखूड करा.

मग यादीप्रमाणे एकेक फोल्डर कॉपी करा. अख्खा ड्राइव्ह एकदम पकडून ओढू नका. एकेक केल्याने मध्ये लाइन गेली तरी कुठे होतो ते कळतं. झालेल्या फोल्डरसमोर वहीत टिक करा. सगळ्यात महत्त्वाचा फोल्डर पहिला, सिनेमे आणि गाणी शेवटी. जुनी डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही.

'कट' कधीच करू नका. 'कॉपी'च. कट केलेल्या फाइली मूळ जागेवरून जातात आणि मध्ये काही बिघडलं तर निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे अशी गत होते.

मध्ये लाइन गेलीच, तर परत आल्यावर विंडोज विचारतं की आधीच्या फाइली बदलायच्या की सोडायच्या. इथे सगळे 'स्किप' दाबतात आणि फसतात. अर्धवट लिहिलेली फाइलही कधीकधी पूर्ण आकाराची दिसते, आणि स्किप केल्यावर ती तशीच आत राहते. चालू असलेला तो एक फोल्डर बाहेरच्या डिस्कवरून डिलीट करा आणि पुन्हा पहिल्यापासून कॉपी करा.

डिस्क काढताना खाली उजवीकडच्या चिन्हावरून 'सेफली रिमूव्ह' करा, दिवा थांबू द्या, मग पिन ओढा.

व्हायरसबद्दल थोडं. जिथे दहा जणांचे पेनड्राइव्ह लागतात त्या मशीनवर तो असतोच असं धरून चाला. ओळखीचं लक्षण म्हणजे पेनड्राइव्ह उघडल्यावर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसतात. खरे फोल्डर गेलेले नसतात, लपवलेले असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका. 'व्ह्यू'मधून लपवलेल्या फाइली दाखवायला सांगा, फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण काढा, म्हणजे फोल्डर पुसट रंगात दिसतील. नव्या कॉम्प्युटरला डिस्क लावल्यावर काहीही उघडण्याआधी तिच्यावर राइट क्लिक करून डिफेंडरने, म्हणजे विंडोजमधल्याच अँटिव्हायरसने, स्कॅन करा. जुन्याकडून एकही ईएक्सई फाइल, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, आणू नका. प्रिंटरचा ड्रायव्हरसुद्धा कंपनीच्या साइटवरून नवा घ्या.

जुना सुरूच होत नसेल तर

मशीन चालू होत नाही याचा अर्थ डेटा गेला असा नाही. बहुतेक वेळा पॉवर सप्लाय, रॅम किंवा मदरबोर्ड गेलेला असतो आणि डिस्क ठणठणीत असते. तिला बाहेर काढून नव्याला जोडता येतं.

पॉवरची वायर भिंतीतून काढा. सीपीयूचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवा. आत कापसाची वात होईल इतकी धूळ निघते, ती मऊ ब्रशने काढा, फुंकर मारू नका. डिस्क दोन्ही बाजूंनी मिळून चार स्क्रूंवर बसलेली असते. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात टेकवा, थंडीच्या कोरड्या दिवसांत अंगातली स्थिर वीज चिप मारते. डिस्क कडेने धरा.

मागची पिन बघा. अरुंद, इंग्रजी एल अक्षरासारखी खाच असेल तर साटा. दोन ओळींत मिळून चाळीस टाचण्यांसारख्या पिना आणि रुंद पट्टीची वायर असेल तर आयडीई, साधारण 2005-06 च्या आधीच्या मशीनमध्ये असते ती. दुकानात 'साटा टू यूएसबी कन्व्हर्टर' मागा, आयडीई असेल तर दोन्हीला चालणारा मागा, आणि मोठ्या डिस्कसाठी 12 व्होल्टचा अडॅप्टर सोबत आहे ना ते डबा उघडून बघा. अडॅप्टर नसेल तर मोठी डिस्क फिरणारच नाही आणि तुम्हाला वाटेल ती मेली.

नव्या कॉम्प्युटरला जोडल्यावर जुना सी ड्राइव्ह ई किंवा एफ म्हणून दिसेल. यूजरच्या फोल्डरवर क्लिक केल्यावर परवानगी नाही असं येईल. 'कंटिन्यू' दाबा आणि थांबा. फाइली जास्त असतील तर हिरवी पट्टी बराच वेळ सरकत राहते. "डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल" असं आलं तर 'कॅन्सल'. ती चौकट नेहमीची दिसते, पण 'हो' म्हटलं की मागचं सगळं हातचं जातं. 'स्कॅन अँड फिक्स' विचारलं तरी आधी कॉपी, मग दुरुस्ती.

डिस्कमधून ठराविक अंतराने टक-टक आवाज येत असेल तर लगेच वीज काढा. आतला हेड, म्हणजे डिस्क वाचणारा भाग, जागा शोधत आपटतोय, आणि प्रत्येक फेरीला डेटा खरवडला जाऊ शकतो. फ्रिजमध्ये ठेवणं, ठोकणं, उघडून बघणं यातलं काही करू नका. त्यात जमिनीचे, पगाराचे किंवा कराचे कागद असतील तर नागपूरला डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे नेऊन दाखवा आणि काम सांगण्याआधी खर्च विचारा.

जुना लॅपटॉप विंडोज 10 किंवा 11 चा असेल तर डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच एन्क्रिप्शनने, कुलूपबंद असू शकते. काढल्यावर ती 48 आकडी किल्ली मागते. ती किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला होता त्या खात्यात सापडते. लॅपटॉप चालू असतानाच सेटिंगमधून एन्क्रिप्शन बंद करून घेतलं तर हा ताप वाचतो.

मराठी फाइली: इथेच सगळे घाबरतात

फाइल नव्यावर आली, उघडली, आणि ग्रामसभेच्या ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांची खिचडी दिसते. "फाइल खराब झाली" म्हणून लोक डिलीट करतात. फाइल अगदी शाबूत असते. तो मजकूर कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. या फॉन्टांत मराठी अक्षर म्हणून काही साठवलेलं नसतं, साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच, आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नाही, म्हणून रूप नाही.

उपाय जुन्या कॉम्प्युटरवर आहे, म्हणून तो बंद करण्याआधी हे करा. पाच-सात वेगवेगळ्या वर्षांच्या फाइली उघडा, मजकुरावर कर्सर ठेवा आणि वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव येतं ते लिहा. एकाच फाइलीत मथळ्याला एक आणि मजकुराला दुसरा असंही असतं, दोन्ही लिहा. मग सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स. त्या नावांचे फॉन्ट कॉपी करून बाहेरच्या डिस्कवर 'फॉन्ट' फोल्डरमध्ये टाका. नव्यावर प्रत्येकावर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' करा, वर्ड बंद करून पुन्हा उघडा. ठराव जसाच्या तसा दिसेल.

श्रीलिपी किंवा आयएसएमसारखा टायपिंगचा प्रोग्रॅम असेल तर फॉन्ट आणून वाचता-छापता येईल, पण टाइप करायला तो प्रोग्रॅमच लागेल. काहींना यूएसबीचं कुलूप, म्हणजे डोंगल असतं. ते जुन्या सीपीयूच्या मागे लागलेलं असतं आणि भंगारासोबत जातं. काढून घ्या.

खिचडी दिसत असताना फाइलीत काही दुरुस्त करून सेव्ह करू नका. आणि फॉन्ट आल्यावर सगळा मजकूर निवडून त्याला 'मंगल' किंवा 'निर्मला' लावू नका. ते युनिकोड फॉन्ट आहेत, म्हणजे त्यांत मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं. त्यांना खाली खरोखर इंग्रजी अक्षरंच दिसतात, म्हणून ती तशीच दाखवतात. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये न्यायचा असेल तर कन्व्हर्टर लागतो. तो चांगला असला तरी रफार, जोडाक्षरं आणि 'दुसऱ्या'मधला अर्धा र हटकून चुकतात. नावं, आडनावं आणि गट क्रमांक डोळ्यांनी तपासल्याशिवाय असा मजकूर दाखल्यावर वापरू नका. मूळ फाइल वेगळी राखून ठेवा. यापुढचं टायपिंग मात्र युनिकोडमध्येच सुरू करा, म्हणजे पुढचा कॉम्प्युटर येईल तेव्हा हा प्रश्नच उरणार नाही. नव्या विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड आतच असतात, भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की मिळतात.

युनिकोड फाइलींतही एक बारीक फरक पडतो. विंडोज 10 आणि 11 मध्ये 'मंगल' आधीपासून टाकलेला असेलच असं नाही. तो नसेल तर मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसतो, वाचता येतो, पण ओळी सरकतात आणि एका पानाचा दाखला दीड पानाचा होतो. सेटिंगमध्ये 'ऑप्शनल फीचर्स'मधून देवनागरीचे जादा फॉन्ट टाकले की पान पुन्हा जागेवर बसतं.

टॅली, बिलिंग आणि डीएससी

हिशेबाचा डेटा फोल्डर उचलून नेण्यापेक्षा प्रोग्रॅमच्या आतून बॅकअप घ्या आणि नव्यावर आतूनच रिस्टोर करा. प्रोग्रॅम चालू असताना उचललेला फोल्डर अर्धवट असू शकतो. टॅलीत कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा पत्ता दिसतो, तो वहीत लिहा. काही वेळा दोन आर्थिक वर्षांच्या कंपन्या दोन वेगळ्या जागी असतात. परवाना जुन्या मशीनवरून सरेंडर करा, मगच नव्यावर चालू होईल. जुना मेल्यावर हे काम लांबतं. खत-बियाण्यांच्या बिलिंगचा प्रोग्रॅम असेल तर ज्याने टाकला त्याला फोन करून डेटा कुठे साठतो ते विचारा आणि शक्यतो त्याच्याकडूनच हलवून घ्या. हंगामाच्या तोंडावर, म्हणजे जूनमध्ये, हे काम काढू नका.

सरपंच आणि ग्रामसेवकाची डीएससी, म्हणजे डिजिटल सही, कॉम्प्युटरमध्ये नसते, पेनड्राइव्हसारख्या टोकनच्या आत असते आणि तिथून कॉपी होत नाही. टोकन नव्याला लावायचं, त्याचा ड्रायव्हर आणि पोर्टल मागेल ते सही करायचं सॉफ्टवेअर टाकायचं. पिन आठवत नसेल तर अंदाजाने टाकत बसू नका, ठराविक चुकांनंतर टोकन लॉक होतं. बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राचंही तसंच, त्याचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस नावाचा त्याचा प्रोग्रॅम नव्याने टाकावा लागतो. नेट बरं असेल तिथे बसून हे सगळं आधीच डाउनलोड करून ठेवा.

ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड एक्सपोर्ट करता येतात. पासवर्डची ती फाइल कोणालाही वाचता येते, म्हणून नव्यावर आत घेतल्याबरोबर सगळीकडून पुसून टाका, रिसायकल बिनमधूनही.

नव्यावर उतरवणं आणि तपासणं

नवं विंडोज 11 सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं दिलं तर ते डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपणहून वनड्राइव्हशी जोडू शकतं. तुम्ही 80 जीबी तिथे टाकलेत की 5 जीबीची जागा भरते, नेटचा पॅक संपतो आणि फाइलींवर लाल खुणा येतात. आधी वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये बॅकअप बंद करा, किंवा डेटा डी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

उतरवून झालं की वही काढा. प्रत्येक फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि 'साइझ' जुळवा. त्याखालचा 'साइझ ऑन डिस्क' जुळवू नका, तो फॉरमॅटप्रमाणे बदलतो. एक-दोन फाइलींचा फरक बहुधा विंडोजने आपणहून केलेल्या चित्रांच्या छोट्या फाइलींचा असतो. वीस-पंचवीसचा असेल तर शोधा.

संख्या जुळली तरी फाइल उघडते असं नाही. प्रत्येक फोल्डरमधून सगळ्यात जुनी, सगळ्यात नवी आणि सगळ्यात मोठी अशा तीन फाइली उघडा. एक दाखला, एक ठराव आणि एक पावती छापून बघा, कारण फॉन्ट आणि पानाचा गोंधळ पडद्यापेक्षा कागदावर आधी कळतो. एक्सेलची कर आकारणीची फाइल दुसऱ्या फाइलीतून आकडे ओढत असेल तर ती जुन्या जागेचा पत्ता शोधते आणि 'अपडेट लिंक्स' विचारते. 'डेटा'मधल्या 'एडिट लिंक्स'मध्ये नवी जागा दाखवा. हे न करता आकडे बरोबर दिसत असतील तर ते मागचे, गोठलेले आकडे आहेत.

जुन्याचं काय करायचं

एक पूर्ण आर्थिक वर्ष आणि त्याचं ऑडिट होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नका. बारा महिन्यांत प्रत्येक नोंदवही, प्रत्येक हंगामाची यादी एकदा तरी उघडली जाते, आणि राहिलेलं काय ते तेव्हाच ध्यानात येतं. सीपीयूची जागा अडत असेल तर नुसती डिस्क काढा, वर्तमानपत्रात नाही तर तिच्याच अँटिस्टॅटिक (स्थिर वीज रोखणाऱ्या) पिशवीत किंवा कोरड्या डब्यात ठेवा, वर तारीख आणि 'पुसू नये' लिहा आणि कुलपाच्या कपाटात टाका. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा जोडून चालते का ते बघा.

विकायची किंवा भंगारात द्यायची वेळ आली की लक्षात घ्या, त्यात गावातल्या शेकडो लोकांचे आधार, पासबुक आणि जातीचे दाखले आहेत. नुसतं डिलीट किंवा 'क्विक फॉरमॅट' केल्याने ते जात नाहीत, साध्या प्रोग्रॅमने परत निघतात. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला बाहेरून जोडा, ड्राइव्हवर राइट क्लिक करून फॉरमॅट निवडा आणि 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून टाका. विंडोज मग सगळ्या जागेवर शून्य लिहितं. 500 जीबीला यूएसबी 2 वर चार-पाच तास लागतात. डिस्कचे दोन-तीन भाग असतील तर प्रत्येक भागाला हे करा. फॉरमॅट करण्याआधी ड्राइव्हचं अक्षर आणि आकार दोनदा वाचा, शेजारी नवी डिस्क जोडलेली नको. डिस्क जोडलीच जात नसेल तर लोखंडाच्या ड्रिलने तिला मधल्या गोल भागातून आरपार तीन-चार भोकं पाडा, आणि मग द्या.